मामा म्हणतात, आवक संपली

आमच्या हिच्या मामांइतका मनापासून निराश माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. निराश माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. मी विम्याचा एजंट. लोकांना मरणाची आठवण करून देणं हाच माझा धंदा. पण साधारण माणूस कसा, दुकानात गिऱ्हाईक नसलं की खट्टू होतो, आलं की खुलतो. मामांचं तसं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की ते म्हणत, "संपलं." आलं की म्हणत, "हे शेवटचं." आमच्या लग्नात आम्ही जोडीने पाया पडायला वाकलो, तेव्हा बाकीची वडील मंडळी सुखी व्हा, आनंदात राहा असं काहीबाही म्हणत होती. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "जमेल तितकं टिकवा." मुलीच्या बारशाला पाळण्यात डोकावून म्हणाले, "गोड आहे हो. पण दहावीचं काय करणार तुम्ही हिच्या?" पनवेलला विमानतळ होणार म्हणून सगळं गाव हवेत होतं, जो तो जमिनीचे भाव सांगत फिरत होता, तेव्हा मामा एकटे म्हणायचे, "ते विमान खाली येईपर्यंत मी वर पोचलेला असेन." आता असा माणूस म्हणजे विमा एजंटाला चालून आलेलं गिऱ्हाईक, नाही का? मोठ्या उमेदीने गेलो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "जावईबापू, मी मरणार ह्यात शंकाच नाही. पण माझ्याआधी तुमची कंपनी बुडेल."

मामांचं दुकान पनवेलच्या बाजारातून स्टँडकडे येणाऱ्या रस्त्यावर. माल एकच, बाहेरच्या देशातून येणारा एमडीएफ बोर्ड. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लाकडाच्या ढलप्या शिजवायच्या, त्यांचे पार तंतू तंतू करायचे, त्यात चिकट रसायन घालून दाबायचं, की गुळगुळीत तक्ता तयार होतो. ना गाठ, ना रेषा. दोन हजारच्या पुढच्या त्या वर्षांत नवीन पनवेल, सुकापूर, कळंबोली, जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक फ्लॅटमधल्या बाईला किचन ट्रॉली आणि प्रत्येक बुवाला टीव्हीमागे काहीतरी मोठं, चकचकीत हवं होतं. ते सगळं ह्या बोर्डाचं व्हायचं. मलेशिया, थायलंड, न्यूझीलंड, कुठून कुठून जहाजं यायची, माल न्हावाशेवा बंदरात उतरायचा, तिथून जवळच जासईच्या यार्डात काही कंटेनर उघडायचे आणि त्यातला एखादा हिस्सा मामांच्या गोदामात येऊन पडायचा. मोठे आयातदार मुंबईचे. मामा त्यांच्या कंटेनरमध्ये आपला वाटा उचलायचे. धंदा बरा चालायचा. पण तो विकायची रीत बघावी तर काय! सुकापूरचं एक नवपरिणीत जोडपं स्वयंपाकघरासाठी बोर्ड बघायला आलं होतं. मुलगी कौतुकाने तक्त्यावर हात फिरवत होती. मामा म्हणाले, "बाई, दिसायला छान आहे. पण पाणी लागलं की फुगतो. माझ्या स्वतःच्या घरी सिंकखालचं दार आषाढात फुगतं ते दसऱ्यापर्यंत उघडत नाही. बायको लाथ मारते तेव्हा कुठे डाळीचा डबा निघतो." झालं, मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. पण त्या मुलाने ठरल्यापेक्षा जास्तच माल घेतला. म्हणाला, आजकाल इतकं खरं बोलणारा दुकानदार मिळतो कुठे? मामा त्यांच्या पाठमोऱ्या रिक्षाकडे बघत म्हणाले, "बिचारी फसली."

रविवारी सकाळी मामा स्कूटर काढत आणि मला मागे बसवून जासईला नेत. ह्याला ते 'बाजार बघणं' म्हणत. जासईच्या नाक्यावर एका टपरीबाहेर बाकड्यावर बसायचं, कटिंग मागवायचा आणि यार्डातून बाहेर पडणाऱ्या ट्रेलरांकडे टक लावून बघायचं. बंद कंटेनर, वर सील, आत काय आहे देवाला ठाऊक! पण मामा चाकांकडे बघून, ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघून, कधी नुसत्या धुळीकडे बघून आयातीचा कल सांगायचे. अर्थात कल एकच असायचा. ट्रेलर कमी दिसले तर "बघा, आवक पडली." जास्त दिसले तर "हा सगळा जुना माल निघतोय. पुढे काही नाही." तिथला एक आगरी ड्रायव्हर त्यांच्या चांगला ओळखीचा झाला होता. तो लांबूनच ओरडायचा, "मामा, बोर्ड नाय आज! सगली टाइलच हाय!" हे ऐकून मामांना जो काही आनंद व्हायचा! वाईट बातमी त्यांना मानवायची. परत येताना स्कूटरवर त्यांचा आवाज चढलेला असायचा. डॉलर, जहाजाचं भाडं, मलेशियातला पाऊस, असं एकेक करून ते माझ्या कानात सगळ्या जगाचा निकाल लावायचे, आणि वाऱ्यामुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही, तेवढंच माझं सुख.

आता गंमत अशी, की मामांचं भाकीत तोवर एकदाही खरं झालं नव्हतं. ते म्हणाले आवक संपली, की पुढच्याच महिन्यात बंदरावर बोर्डाची रांग लागायची. ते म्हणाले आता ह्या मालाला कुत्रं विचारणार नाही, की दिवाळीच्या तोंडावर माल पुरायचा नाही. हे इतकं नेमाने व्हायचं की ओळीतल्या बाकीच्या व्यापाऱ्यांनी त्यावरून आपापली गणितं बसवली. कोपऱ्यावरचा कच्छी शेठ दर सोमवारी सकाळी मामांना चहाला बोलवायचा आणि अगदी काळजीच्या आवाजात विचारायचा, "काय मामा, कसं वाटतं?" मामा म्हणायचे, "शेठ, संपलं." शेठ मान हलवायचा, च् च् करायचा, आणि मामा पायरी उतरले रे उतरले की मुंबईला फोन लावून जास्तीचा माल सांगायचा. मामा एखाद्या दिवशी जरा कमी निराश वाटले, तर शेठही हात आखडता घ्यायचा. एकदा कोणीतरी आगाऊपणाने हे मामांच्या कानावर घातलं. मला वाटलं, म्हातारा आता भडकणार. पण मामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चांगलंय. माझं वाईटसुद्धा दुसऱ्याच्याच कामाला येतं." आणि पुढच्या सोमवारी परत चहाला गेले.

ह्या सगळ्यात मामांचं बोलणं सरळ मनाने ऐकून घेणारा एकच माणूस होता, निदान मामांची तशी समजूत होती. तो म्हणजे शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातले लतीफभाई. बिजागऱ्या, हँडलं, ड्रॉवरचे चॅनल असला माल. मामांच्याकडे बोर्ड घेतला की गिऱ्हाईक तसंच एक पायरी उतरून लतीफभाईंकडे बिजागरीला जायचं, त्यामुळे दोघांचा धंदा एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चाललेला. पनवेलच्याच कोकणी मुसलमानांचं घर, शाळेपासूनची मैत्री. लतीफभाई गोरेपान, लठ्ठ, हसरे. अल्लाने सकाळ दिली हीच मेहेरबानी असं मानणारा माणूस. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघं दोन दुकानांच्या मधल्या पायरीवर बसायचे. मामा सुरू करायचे, आणि लतीफभाई डोळे मिटून ऐकायचे, मधूनमधून "वा!" म्हणायचे, जणू कोणी गात बसलंय. "लतीफ, हे गाव राहणार नाही रे." "वा!" "खाडी भरून टाकतायत. एक दिवस पाणी दुकानात येईल." "क्या बात है!" मी एकदा लतीफभाईंना विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत? ते म्हणाले, "जावई, ह्याचं ऐकलं ना, की माझी तबियत साफ होते. दुनियाची सगळी फिकर हा करतो. मला काही उरतच नाही." मामांना मूलबाळ नव्हतं. लतीफभाईंची बायको गेलेली, मुलगा मस्कतला नोकरीत. दोघांना दुपारची ती पायरी किती लागायची हे मामींना माहीत होतं, मला माहीत होतं, त्या दोघांनी मात्र कधी कबूल केलं नसतं.

आणि मग दोन हजार दहानंतरच्या वर्षांत खरोखरच दिवस फिरले. बाहेरच्या बोर्डावर सरकारने आधीच जादा शुल्क लावलेलं होतं. त्यात आता आपल्याच देशात मोठमोठे कारखाने उभे राहिले, तिथला बोर्ड ट्रकने थेट कळंबोलीला येऊन पडायला लागला. स्वस्त, पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढा. जहाजाची वाट बघायला नको, डॉलरचं तोंड बघायला नको. कच्छी शेठने केव्हाच देशी माल धरला. मामींनीही सांगून बघितलं, "अहो, तुम्हीही तोच ठेवा ना, बोर्ड तो बोर्ड!" पण मामांचं काहीतरी अडलं. म्हणाले, "मी जन्मभर जहाजाच्या मालावर रडलो. आता ट्रकच्या मालावर नव्याने कुठे रडायला शिकू?" जासईला आम्ही जायचो, बसायचो. ट्रेलर जायचेच, पण त्यात बोर्ड नसायचा. तो आगरी ड्रायव्हरही आता लांबून ओरडायचा नाही. जवळ येऊन हळूच म्हणायचा, "काय नाय हाय मामा. तुमी उगाच येता." मामा कटिंग तसाच ठेवून उठायचे. अहो, आयुष्यभर ज्याची हाकाटी केली ते दारात येऊन उभं राहिलं, आणि ह्या माणसाला बोलायला शब्द सुचेना! परतीच्या स्कूटरवरची ती शांतता मला सहन व्हायची नाही.

त्याच सुमारास मस्कतहून लतीफभाईंच्या मुलाने लकडा लावला. अब्बा, गुडघे गेलेत, एकटे राहता, इकडे या, दुकान विकून टाका. लतीफभाईंचा पाय निघत नव्हता. एका शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना ते मामांना म्हणाले, "दोस्त, तू बाजार बघणारा माणूस. उद्या नीट विचार कर आणि मला सांग. बाजार राहणार असेल तर मी राहतो. नसेल तर जातो. तू बोलशील ते फायनल." हे मामांनी घरी येऊन सांगितलं. आम्ही तेव्हा तिकडेच जेवायला होतो. मामांच्या हातातला घास हातातच राहिला. मामी म्हणाल्या, "एकदा तरी चांगलं बोला हो! जन्मात एकदा! धीर द्या त्याला. तो गेला तर तुम्ही दुपारी काय करणार, भिंतीशी बोलणार?" मामा ताटावरून उठले ते तसेच बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवर बसायला म्हणून गेलो, तर मामा बेसिनपाशी आरशासमोर उभे. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. आरशात बघून म्हणत होते, "उत्तम चाललंय." परत, "उत्तम चाललंय, लतीफ." चेहरा काही जुळत नव्हता. तोंड म्हणत होतं उत्तम, आणि भुवया तेराव्याला आल्यासारख्या. मामी दाराआडून तोंडाला पदर लावून बघत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, कळायला मार्ग नव्हता. जासईला न जाता आम्ही थेट लतीफभाईंच्या घरी गेलो. त्यांनी शिरखुर्म्याच्या वाट्या पुढे ठेवल्या. ईद नव्हती की काही नव्हतं, मामांना आवडतो म्हणून करून घेतला होता. मामांनी वाटीला हातही लावला नाही. ताठ बसले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं एका दमात बोलले, "लतीफ, बाजार चांगला आहे. आवक वाढणार. मलेशियाचा माल परत येणार. विमानतळ होणार, इमारती होणार, तुझ्या बिजागऱ्या पुरणार नाहीत बघ. चांगले दिवस येणार आहेत. तू राहा."

लतीफभाई मामांकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील वा! क्या बात है! ते उठले, मामांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "इतकं वाईट झालंय का रे?"

मामांना काही कळेना. लतीफभाई म्हणाले, "यार, शाळेपासून तुला ओळखतो. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हासुद्धा तू पास झालास म्हणून रडला होतास. आज पहिल्यांदा तू बरं बोललास. म्हणजे काहीच उरलेलं नाही." मामा घाईघाईने म्हणाले, "नाही नाही, तसं नाही लतीफ, संपलं बघ, सगळं संपलं, मी आपलं उगाच..." पण आता काय उपयोग? लतीफभाईंचे डोळे भरून आले होते. ते म्हणत राहिले, "राहू दे. राहू दे. तुझी मेहेरबानी, तू माझ्यासाठी खोटं बोललास." जाताना जिन्यात मामा कठडा धरून उभे राहिले. मला म्हणाले, "जावईबापू, नेहमीसारखं बोललो असतो तर राहिला असता हो. मला वाटायचं बाकीचे माझं उलटं धरतात, लतीफ तरी सरळ ऐकतो." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना हात धरून खाली उतरवलं.

दिवाळीनंतर लतीफभाई गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात आणि दिवसभर गाणी लावलेली असतात. मामांनी पायरीवर बसायचं सोडलं, जासई सोडली. कच्छी शेठ सवयीने एकदा विचारायला आला, "काय मामा, कसं वाटतं?" तर म्हणाले, "बघू." शेठ बराच वेळ पायरीवर घुटमळला आणि काहीच न ठरवता परत गेला. कोणी तब्येत विचारली तर मामा म्हणायचे, "बरं आहे." मामी मला फोन करून सांगायच्या, "अरे, आजही बरं आहे म्हणाले. मला भीती वाटते रे." शेवटी त्यांनीच मला मामांच्या मोबाईलवर मस्कतचा व्हिडिओ कॉल लावून द्यायला सांगितलं.

तेव्हापासून शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की लतीफभाईंचा फोन येतो. परवा मी तिथेच होतो. पडद्यावर लतीफभाई, पाठीमागे एसी, मांडीवर नातू. म्हणाले, "बोल दोस्त, बाजार काय म्हणतो?" आणि मामा सावरून बसले, आणि किती दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज लागला! "संपलं रे लतीफ. एक कंटेनर नाही. गोदाम रिकामं पडलंय. ओळीतली दोन दुकानं बंद झाली, तिसरं माझं समज. गिऱ्हाईक फिरकत नाही. दुपारी बोलायला माणूस नाही. काही, काही राहिलेलं नाही इकडे." ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी त्या रिकाम्या गोदामातूनच आलो होतो. पलीकडे लतीफभाई खुशीत आले, पोट हलवून हसायला लागले. "वा! क्या बात है! माशाल्ला! म्हणजे जोरात चाललंय तुझं. माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता. आता मी आरामात झोपेन." मामाही हसले. फोन बंद झाल्यावर त्यांनी तो बनियनला पुसून मामींकडे दिला.

मी म्हणालो, "मामा, त्यांना खरं कळू द्या हो."

"खरंच तर सांगितलं," मामा म्हणाले.

मामींनी आतून विचारलं, "काय म्हणाले लतीफभाई? येणारेत का एकदा तरी?"

"आता कशाला येईल?" मामा म्हणाले. "त्याला वाटतंय, माझं बरं चाललंय."